चर्चा: समूहगान बसवताना शिक्षकाने हात किती हलवावा आणि कागद किती वाचावा?

शाळामास्तर_पुणे
पुण्यातल्या आंतरशालेय समूहगान स्पर्धांत एक गोष्ट सतत दिसते. समोर उभे असलेले सर किंवा बाई दोन्ही हात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखेच हलवत राहतात. दोन ओळींनंतर मुलं त्यांच्याकडे बघायचंच सोडून देतात. माझं स्पष्ट मत आहे की हात सुधारायचा असेल तर आधी स्वरलिपीचा, म्हणजे चालीचे स्वर आणि ताल लिहिलेला, कागद घेऊन बसावं लागतं.

राष्ट्रगीताचंच घ्या. पूर्ण राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागायला हवेत, पण बऱ्याच शाळांत ते रेंगाळतं. ‘शुरू कर’ अशी आज्ञा होते आणि मुलं सुचेल त्या लयीत गायला लागतात. ‘जन’च्या आधीची एक मात्रा, म्हणजे तालाचा एक ठोका, हव्या त्या लयीत हाताने दाखवायची आणि ती दाखवताना आपण स्वतः श्वास घ्यायचा. तो श्वास बघून मुलंही घेतात. ही एक मात्रा जमली की पुढचं निम्मं काम होतं.

कागदावर मी काय शोधतो? मुखडा (गाण्याची पहिली ओळ) समेवरून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरून, उठतो की आधीपासून, मोठी उडी कुठे आहे, शब्द न तोडता श्वास कुठे घेता येईल, दुसरा गट कितव्या मात्रेला येतो. तेवढ्याच जागी हात बोलावा. बाकी वेळ तो लहान ठेवावा.

एकतारी
पटत नाही. आपलं गाणं कानाचं आहे. हाताकडे डोळे लावून गाणारी मुलं शेजारच्याचा सूर ऐकत नाहीत. भातखंडे स्वरलिपीत मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, खूण असते, पण ती मींड किती सावकाश घ्यायची हे गुरूच्या गळ्यातूनच कळतं. शिवाय आपल्याकडे टाळी-खाली, म्हणजे टाळी देऊन आणि हात मोकळा सोडून ताल दाखवणं, आहेच. मग हात खाली-डावीकडे-उजवीकडे-वर फिरवून चार मात्रा दाखवायची ही पाश्चात्त्य आकृती कशाला?

शाळामास्तर_पुणे
टाळी-खालीने तालातली जागा कळते. आवाज कधी वाढवायचा, लांबवलेला स्वर कुठे सोडायचा हे त्यातून कळत नाही. ती चार मात्रांची आकृती मला आवडते कारण पहिली मात्रा खाली पडते, सम लांबूनही दिसते. आठ मात्रांच्या केरव्याला ती दोनदा फिरते. जलद दादरा तालात मात्र त्याच्या सहाही मात्रा दाखवत बसू नये, तीन-तीनचे दोनच ठोके द्यावेत. लय उजव्या हाताकडे, आवाजाचा चढउतार डाव्याकडे. दोन्ही हातांनी एकच काम करणं म्हणजे एक हात वाया घालवणं.

आणि कानाचं म्हणाल तर २६ जानेवारीचं मैदान आठवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सत्तर मीटर मागच्या रांगेला पेटी सेकंदाचा पाचवा भाग उशिरा पोचते. सेकंदाला दोन मात्रांची लय असेल तर हा उशीर अर्ध्या मात्रेच्या आसपास जातो. कानावर विसंबलेली रांग मागे पडणारच; हात मात्र सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो. संगीतकार वसंत देसाईंनी हजारो शाळकरी मुलांकडून एकत्र गाऊन घेतलं, ते नुसत्या कानावर कसं जमलं असतं?

पेटीवाली_बाई
सर, पाचवी ते दहावीला मिळून संगीताची शिक्षिका मी एकटी. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. हलवायला हात आणू कुठून? मी सुरुवातीचा तुकडा संपताना हनुवटी उचलते आणि मुलांना दिसेल असा श्वास घेते. कागदाचं मात्र शंभर टक्के मान्य. चाल पाठ नसली की नजर पट्ट्यांवर जाते आणि मुलं सुटतात.

पथकातला
मी ढोल-ताशा पथकात वाजवतो. तिथे हाताशिवाय भागतच नाही, इतक्या ढोलांत शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. हात वर गेला की पुढचा ठेका. पण कागद? आमच्याकडे कोणीही लिहून वाजवत नाही. नदीपात्रात सराव करून करूनच बसतं. शिक्षकांना अजून एक अभ्यास कशाला लावताय?

शाळामास्तर_पुणे
मुलांनी खुशाल ऐकून पाठ करावं. कागद शिक्षकासाठी आहे. गटात कोण चुकलं हे ओळखायचं तर बरोबर काय ते आधी पक्कं हवं ना! आणि बाई, नववी-दहावीतल्या एखाद्या मुलीला पेटीवर बसवून बघा. सुरुवातीला नुसता आधारस्वर धरला तरी तुमचे दोन्ही हात मोकळे होतील.

एकतारी
मैदानाचा मुद्दा मान्य. वर्गातल्या चाळीस मुलांसाठी नाही. तिथे मी आठवड्यातून एक तालीम सगळ्यांना डोळे मिटायला लावूनच घेईन. कोण बेसूर आहे ते मुलांना स्वतःच कळतं.

शाळामास्तर_पुणे
ती तालीम जरूर घ्या. फक्त दुसऱ्या कडव्याच्या आधी श्वास कुठे घ्यायचा ते त्याआधी ठरवून द्या, नाहीतर डोळे मिटलेली चाळीस मुलं चाळीस ठिकाणी श्वास घेतील.