मदत हवी आहे: मोठा लॅपटॉप घरी ठेवून फिरतीसाठी दुसरा छोटा घ्यावा का?

टर्किश टॉवेल

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात टॉवेल-नॅपकिनची डिझाइनं करून देते, जकार्डची (मागावर मोठी चित्रं, नावं विणायची पद्धत) जास्त, डॉबीची (छोटी, साधी नक्षी) थोडी. सगळं काम एकाच लॅपटॉपवर, १५.६ इंची गेमिंगवाला, गेम मी एकही खेळत नाही पण डिझाइनचं सॉफ्टवेअर साध्या मशीनवर रडतखडत चालायचं म्हणून हा घेतला. कामाला झकास आहे, त्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. त्रास आहे तो वजनाचा. परवा एका कारखान्यात सुताच्या काट्यावर सहज ठेवून बघितला तर नुसता लॅपटॉप २.४ किलो आणि २३० वॅटचा अडॅप्टर वायरसकट पाऊण किलोच्या वर. त्यात टॉवेलची सॅम्पलं, शेड कार्ड, डबा, पाण्याची बाटली, आणि हे सगळं पाठीवर घेऊन स्कूटीवरून अक्कलकोट रोड एमआयडीसी, तेही एप्रिल-मेच्या उन्हात. संध्याकाळी खांदा भरून येतो.

महिन्यातून एक-दोनदा पुण्यालाही जावं लागतं. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये पुढच्या सीटच्या ट्रेवर हे धूड उघडलं आणि समोरच्या काकांनी सीट मागे घेतली की स्क्रीन माझ्या पोटाशी येते. बॅटरी तर विचारूच नका, कुर्डुवाडी मागे पडली की लाल निशाण सुरू, दौंडपर्यंत पोचतच नाही.

बाहेर मला करायचं असतं काय, तर मालकांना डिझाइन दाखवणं, मेल, एक्सेलमध्ये कोटेशन, फाइल पेनड्राइव्हवर टाकून देणं. पण मधेच मास्टर म्हणतात बॉर्डर चार पिक (आडवे धागे) वाढवा नाहीतर नाव जरा वर घ्या, ते तिथल्या तिथे करून द्यावं लागतं आणि तिथेच घोडं अडतं, कारण सॉफ्टवेअरचं लायसन्स यूएसबी डोंगलवर आहे (पेनड्राइव्हसारखी किल्ली, लावली तरच सॉफ्टवेअर उघडतं), एकच डोंगल, दुसरं घ्यायचं तर त्या पैशात लॅपटॉप येईल.

बजेट तीस हजारांच्या आतबाहेर. घरचे म्हणतात एक धडधाकट चालतोय तर दुसरा कशाला. मलाही कधी कधी तसंच वाटतं, मग पुन्हा बॅग उचलली की मत बदलतं. तुमच्यापैकी कोणी दोन लॅपटॉप ठेवलेत का, खरंच वापर होतो की महिनाभर कौतुक आणि मग कपाटात?

कडक भाकरी

ताई काय विचारलालाव, घेऊन टाका की! नाहीतर टॅबलेट घ्या, कीबोर्डवालं कव्हर लावा, हलक्यात काम. मालकाला डिझाइन दाखवायला टॅबलेटच बरा, हातात देता येतो.

टर्किश टॉवेल

टॅबलेट दाखवायला छान आहे हो, पण मोठं एक्सेल शीट त्यावर म्हणजे शिक्षा आहे. आणि हातात दिला की मालक बोटाने पुढे पुढे सरकवत दुसऱ्या पार्टीची डिझाइनंपण बघून घेतात, हा वेगळाच ताप. 😅

पार्क चौक

नवीन मशीन घ्यायच्या आधी एक स्वस्तातली गोष्ट करून बघा. तुमच्या लॅपटॉपला यूएसबी-सी पोर्ट असेल तर त्यातून चार्जिंग होतं का बघा, पोर्टशेजारी छोटं चिन्ह असतं नाहीतर कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून पॉवर डिलिव्हरी लिहिलंय का ते वाचा. सगळ्या गेमिंग लॅपटॉपना नसतं पण बऱ्याच अलीकडच्यांना असतं. असेल तर १०० वॅटचा गॅन चार्जर (नवीन प्रकारचा, आकाराने छोटा) घ्या, मुठीत मावतो, तुमच्या त्या विटेएवढ्या अडॅप्टरपेक्षा कितीतरी हलका. केबल मात्र ५ अँपिअरचीच घ्या, साधी मोबाइलची केबल ६० वॅटच्या पुढे जात नाही आणि मग लोक चार्जरला शिव्या देतात. १०० वॅटवर सिम्युलेशन (विणलेलं कापड कसं दिसेल ते स्क्रीनवर बघणं) पूर्ण जोरात चालणार नाही, ग्राफिक्सवर लोड दिला तर चार्जिंग लावूनही बॅटरी उतरू शकते. पण बॉर्डर वाढवणं, मेल, एक्सेल याला भरपूर झालं.

दुसरं म्हणजे विंडोजमध्ये बॅटरी सेव्हर लावा, स्क्रीन १४४ हर्ट्झवर असेल तर बाहेर ६० वर आणा, आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्ड बंद ठेवायचा मोड असतो तो लावा. फरक पडतो.

टर्किश टॉवेल

बघितलं, चिन्ह आहे पोर्टशेजारी! हे माहीतच नव्हतं. चार्जरचं ओझं गेलं म्हणजे निम्मी लढाई जिंकली, पण २.४ किलो आणि तो ट्रे राहिलाच ना.

एकच पुरे

मी उलट बाजूने बोलतो. दोन लॅपटॉप म्हणजे दोन संसार. दोघांचे अपडेट, दोघांचे अँटीव्हायरस, दोघांच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या होणार, आणि मुख्य म्हणजे फाइल. तुमच्या धंद्यात फाइलचा घोळ महागात जाईल. छोट्यावर बॉर्डर बदलली, घरी मोठ्यावर जुनीच फाइल उघडली, तीच पुढे गेली आणि लूमवर (मागावर) जुनी बॉर्डर विणून निघाली तर तो माल कोणाच्या माथी? दुसरा घ्यायचाच असेल तर आधी ठरवा की फाइलचं घर एकच. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळते, डिझाइनच्या फाइलींना पुरावी. पण कारखान्यात नेट नसेल तर तुम्ही उघडलेली फाइल कालची की आजची हे ड्राइव्ह सांगायला येणार नाही. फाइलच्या नावातच तारीख टाकायची सवय लावा, फायनल, फायनल-नवीन, फायनल-एकदम फायनल असली नावं ठेवू नका.

नाइट शिफ्ट

माझ्या मते ताईंचा प्रश्न वजनाचा आहेच पण खरी गाठ डोंगलची आहे, ते कोणी बोललंच नाही अजून. एवढं महागाचं डोंगल रोज बॅगेतून फिरवताय, स्कूटीवर, गाडीत, कारखान्यात दहा जणांच्या टेबलावर. हरवलं किंवा कोणाचा धक्का लागून पोर्टात मोडलं तर लायसन्स गेलं समजा, कंपनी नवीन देताना परत पैसे मागते. तेव्हा मोठा लॅपटॉप डोंगलसकट घरी ठेवा आणि छोट्यावरून रिमोटने तोच चालवा. फाइलपण एकाच जागी राहते, म्हणजे वरच्या भाऊंचा मुद्दाही निकालात निघतो.

पण एक खाच आहे ती आधीच सांगतो. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप होम एडिशनवर होस्ट करता येत नाही, म्हणजे बाहेरून त्या मशीनमध्ये शिरता येत नाही, प्रो लागतं. आणि प्रो असलं तरी डोंगलवाली बरीच सॉफ्टवेअर त्या सेशनमध्ये उघडायलाच नकार देतात, लायसन्स सापडत नाही म्हणतात. एनीडेस्क किंवा रस्टडेस्कसारखं वापरलं तर समोरची स्क्रीनच जशीच्या तशी दिसते म्हणून तिथे सहसा अडत नाही. एनीडेस्कचं फुकटचं व्हर्जन धंद्यासाठी नाही बरं का, ते मधेच टोकतं. रस्टडेस्क ओपन सोर्स आहे, तिथे ती अडचण नाही.

घरी सेटिंग एवढंच करा: चार्जिंगवर असताना स्लीप कधीच नाही, झाकण बंद केल्यावर काहीच करू नको. मोठ्या लॅपटॉपला बॅटरी आहेच, लाइट गेली तर तो तग धरतो, पण राउटर मरतो आणि तुम्ही कारखान्यात मालकासमोर गोल फिरणारं चक्र बघत बसता. राउटरला छोटा यूपीएस लावा, हजार-दीड हजारात येतो.

टर्किश टॉवेल

हे डोक्यातच नव्हतं आलं. डोंगलची धास्ती मला कायम असते, पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात, वर डबी, तरी दर थोड्या वेळाने हात लावून बघायचं. काल रात्रीच भावाच्या जुन्या लॅपटॉपवर रस्टडेस्क टाकून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ट्राय केलं. सॉफ्टवेअर उघडलं, डोंगल घेतलं! माउस किंचित मागून येतो, नवीन डिझाइन काढायला बसले तर डोकं फिरेल, पण बॉर्डरचे पिक वाढवायला, नाव सरकवायला काही अडचण नाही.

मग आता छोटा कुठला ते सांगा. मॅकबुक एअर एम१ चं खूप ऐकलंय, बॅटरी दिवसभर जाते म्हणे. शिवाय त्याला फॅन नाही हे मला जास्त आवडलं, कारण लूम शेडमध्ये रुई इतकी उडते की माझ्या लॅपटॉपच्या फॅनमधून रिपेअरवाल्याने चक्क बोटभर जाडीची गादी काढली होती, राखाडी, मऊ, उशी भरावी अशी.

कुर्डुवाडी जंक्शन

एअर एम१ १.२९ किलो आहे, स्क्रीन सुंदर, बॅटरी खरंच चांगली. पण २०२० चं मॉडेल, तुमच्या बजेटात मिळाला तर जुनाच मिळेल. दुसरं, मॅक पेनड्राइव्हवर आपल्या लपवलेल्या फाइली टाकून ठेवतो, लूमच्या कंट्रोलरच्या यादीत त्या दिसल्या तर ऑपरेटर गोंधळतो. तुमचं पेनड्राइव्हचं काम रोजचं आहे, म्हणून मी विंडोजच म्हणेन.

रिफर्बिश्डमध्ये कंपन्यांतून निघालेले बिझनेस लॅपटॉप बघा. थिंकपॅड एक्स२८० (१२.५ इंची, हलका, पण रॅम बोर्डावरच, नंतर वाढत नाही), टी४८०एस (१४ इंची, एक रॅम स्लॉट मिळतो), किंवा डेल लॅटिट्यूड ७३९०, ७४००. इंटेल आठव्या जनरेशनच्या खाली अजिबात जाऊ नका, विंडोज ११ अधिकृतपणे त्याखाली चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार सातव्याचा मशीन विंडोज ११ टाकून दाखवतात, चालताना दिसतो, पुढच्या अपडेटची हमी कोण देणार. एक्स२८० सातव्यातही आलेला आहे, तेव्हा नावावर जाऊ नका, प्रोसेसरचा नंबर वाचा.

स्क्रीन फुल एचडी आयपीएस आहे का विचारा. यातल्या काही मॉडेलांत १३६६ बाय ७६८ वालेपण फिरतात, बाजूने बघितलं की रंग उलटे, मालकाला मरून टॉवेल चॉकलेटी दिसेल. 😀

दुकानात बसून दोन गोष्टी बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट टाका, रिपोर्ट फाइल तयार होते, त्यात मूळ कपॅसिटी आणि आताची फुल चार्ज कपॅसिटी शेजारी शेजारी दिसतात. निम्म्यावर आली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे भावातून कमी करून घ्या. आणि बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं मूळ सेटिंग) जाऊन बघा, जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला असला तर तो मशीन पुन्हा टेबलावर ठेवून सरळ बाहेर या.

टर्किश टॉवेल

रंगाचं टेन्शन नाही, स्क्रीनवरच्या रंगावर इथे कोणी ऑर्डर देत नाही, शेड कार्डावरचा धागाच दाखवावा लागतो. पण उलटे रंग नकोतच.

तर असं ठरवतेय: १०० वॅटचा चार्जर आणि जाड केबल लगेच घेते, तो छोट्यालाही चालेल. छोटा म्हणून टी४८०एस किंवा ७४०० बघते, १२.५ इंचावर एक्सेलचे कॉलम वाचायला चष्म्याचा नंबर वाढेल. डोंगल आणि मोठा घरी. पुण्याला मुक्काम असेल आणि नवीन डिझाइन काढायचंच असेल तेव्हा मोठा नेईन, ते वर्षातून क्वचित. फॅनचं काय करायचं ते मात्र राहिलं, शेडच्या आत उघडायचाच नाही, ऑफिसात बसूनच दाखवायचं, एवढंच सुचतंय.

कुर्डुवाडी जंक्शन

बरोबर. आणि या मॉडेलांचं खालचं झाकण साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतं, दोन-तीन महिन्यांनी ब्रशने साफ करायचं, फॅन बोटाने धरून, भन्नाट फिरू द्यायचा नाही.

एकच पुरे

घेताना तुमच्या जीएसटी नंबरवर पक्कं बिल मागा ताई, धंद्यासाठी घेताय तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळेल. आणि रिफर्बिश्डवाले वॉरंटी तोंडी सांगतात, ती बिलावर लिहून घ्या.