तेल रोज उतरतंय. टाकी आज भरू की थांबू?

वूस्टरचा_नवखा

जूनमध्ये घर घेतलं. मॅसॅच्युसेट्स, वूस्टरच्या थोडं बाहेर. जुनं घर, रस्त्यावर गॅसची लाइन नाही, बेसमेंटमध्ये घर गरम करायच्या तेलाची २७५ गॅलनची टाकी. आधी दहा वर्षं न्यू जर्सीत अपार्टमेंटमध्ये काढली, तिथे हीटचे पैसे भाड्यातच असायचे. त्यामुळे या विषयात मी पाटी कोरी घेऊन आलोय.

टाकीवर जी छोटी नळी असते तिच्यातला लाल तुकडा पाव आणि अर्ध्याच्या मधोमध आहे, म्हणजे साधारण शंभर गॅलन शिल्लक. ऑक्टोबरअखेर चौकशी केली तेव्हा भाव गॅलनला ३.७९ डॉलर होता. पंधरा दिवसांनी ३.५९. आज सकाळी त्याच डीलरने ३.३९ सांगितला. दर वेळी फोन ठेवताना वाटतं, बरं झालं गेल्या वेळी घेतलं नाही! बायको म्हणते, कडाका पडला की हाच माणूस फोन उचलणार नाही. पुण्याहून बाबा विचारतात, "घर गरम करायला गोडं तेल लागतं की खोबरेल?"

तर दीडशे गॅलन आज घेऊन टाकू, की तीनच्या खाली यायची वाट बघू? जुनीजाणती मंडळी काय करतात?

बर्नर_काका

आज घ्या. आता कनेटिकटमध्ये असतो, पण हे बोस्टनजवळ राहत होतो तेव्हाचं सांगतो.

२०१४ च्या जूनमध्ये कच्चं तेल बॅरलला शंभर डॉलरच्या वर होतं. नोव्हेंबरअखेर ओपेकने उत्पादन घटवायचं नाही असं ठरवलं आणि जानेवारीत ते पन्नासच्या खाली गेलं. मीही तुमच्यासारखाच रोज फोन करायचो. इतका की डीलरकडची बाई आवाज ओळखायला लागली, "हॅलो" म्हटलं की आकडाच सांगायची. जानेवारी संपत आला, नळीतला तुकडा तळाला टेकायला आला, तरी मी आपला "अजून दहा सेंट" करत बसलो होतो.

मग बर्फ सुरू झाला. त्या फेब्रुवारीत एकट्या बोस्टनमध्ये ६४.८ इंच पडला. आधी ऑटो डिलिव्हरीची गिऱ्हाइकं, मग फोनवाले, असं सांगून डीलरने मला सहा दिवस पुढची तारीख दिली. चौथ्या रात्री दोन वाजता बर्नर बंद. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं म्हणून पिवळा कॅन घेऊन पंपावर गेलो, पाच गॅलन डिझेल आणलं (आपलं तेल म्हणजे लाल रंग घातलेलं डिझेलच, चालतं). टाकीचं तोंड घराबाहेर, बर्फाखाली. कुठे आहे ते अंदाजाने लेकाच्या प्लास्टिकच्या फावड्याने उकरत होतो. आत येऊन बर्नरच्या पंपावरचा नट ढिला करायचा, खाली टमाट्याचा रिकामा डबा धरायचा आणि फेस थांबून सलग धार येईपर्यंत हवा काढायची. पहाटे साडेचारला ज्योत धरली. मुलं कोट घालून झोपली होती.

आणि भाव? जानेवारीत तळाला गेला होता तो फेब्रुवारीत चांगला वर चढला. मी तळ पाहिला. नुसता पाहिला.

आकडेमोड

काका, गोष्ट फेब्रुवारीची, धागा नोव्हेंबरचा. तुम्ही शून्यापर्यंत थांबलात म्हणून फसलात. नवखेंकडे शंभर गॅलन आहेत.

पडत्या भावात डीलर कासव असतो आणि चढत्या भावात ससा. घाऊक भाव वाढला की दुसऱ्या दिवशी तुमचा वाढतो, उतरला की "आमच्याकडे आधीचा महाग माल आहे." म्हणून डीलरला फोन करून काही कळत नाही. न्यूयॉर्क हार्बरचा वायदा, म्हणजे पुढे मिळणाऱ्या मालाचा आज बाजारात ठरणारा घाऊक भाव, बघा. तो गॅलनमध्येच असतो, आणि २०१३ पासून तो वायदाच मुळी कमी गंधकाच्या डिझेलचा आहे, तुमच्या टाकीत पडणाऱ्या मालाच्या अगदी जवळचा. कच्चं तेल बघायचं असेल तर बॅरलमध्ये ४२ गॅलन, म्हणजे बॅरल ४.२० डॉलरनी उतरलं की गॅलनमागे दहा सेंट, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

माझ्या वहीप्रमाणे गेल्या तीन आठवड्यांत वायदा ५५ सेंट उतरला. तुमचा डीलर ३.७९ वरून ३.३९ ला, म्हणजे ४० सेंट. उरलेले १५ अजून त्याच्या खिशात आहेत. आठवडा-दहा दिवसांत द्यावेच लागतील, कारण शेजारचा रोखीने विकणारा डीलर देईल. आज घेणं म्हणजे ते पैसे त्याला दान.

बर्नर_काका

दीडशे गॅलनवर १५ सेंट म्हणजे साडेबावीस डॉलर. एवढ्यासाठी वही?

आणि तुमचा वायदा न्यूयॉर्कचा आहे. न्यू इंग्लंडमध्ये साठा कमी असेल आणि थंडी पडली तर इथला भाव त्या वायद्याला विचारत नाही. २००० सालचा जानेवारी आठवतोय का? तीन आठवड्यांत किरकोळ भाव १.२० च्या आतबाहेरून दोनच्या जवळ गेला होता. नद्या गोठल्या, बार्ज अडकले, साठे आधीच तळाला. त्यानंतरच सरकारने ईशान्येसाठी वीस लाख बॅरलचा वेगळा राखीव साठा केला (पुढे तो निम्म्यावर आणला). तेव्हा तुमच्यासारखेच हुशार लोक थांबले होते.

आकडेमोड

साडेबावीस एका खेपेचे. हिवाळ्याला सात-आठशे गॅलन जातात, चार-पाच खेपा. दर खेपेला हा कानाडोळा केला की शंभरेक गेले.

दिवस मोजू या, उगाच भीती नको. ६५ फॅरनहाइटमधून दिवसाचं सरासरी तापमान वजा करायचं, ते डिग्री-डे. ऑटो डिलिव्हरीवाले यावरच गाडी पाठवतात. नवखे, तेलाच्या जुन्या पावत्या आधीच्या घरमालकाने ठेवल्या असतील तर त्यावर 'के फॅक्टर' छापलेला असेल, म्हणजे एका गॅलनमध्ये तुमचं घर किती डिग्री-डे काढतं तो आकडा. समजा ६ आहे. आता सरासरी ३८ धरली तर २७ डिग्री-डे, भागिले ६, दिवसाला साडेचार गॅलन. शंभर गॅलन म्हणजे बावीस दिवस. जानेवारीत सरासरी २४ झाली की हेच सात गॅलनवर जाईल, तेव्हा काकांचं ऐका. आत्ता नाही.

बर्नर_काका

बावीस कुठले! तळाचा आठवा भाग मोजायचाच नाही, तिथे गाळ असतो, तो फिल्टरमध्ये आणि नॉझलमध्ये जातो. ३५ गेले. उरले ६५, म्हणजे चौदा दिवस. डीलरला सांगितल्यापासून गाडी यायला चार दिवस. मधे थँक्सगिव्हिंगची सुट्टी. हातात आठवडा आहे हो, बावीस दिवस नाहीत.

आकडेमोड

आठवडा मान्य. मग आठवडा थांबा, मी तरी वेगळं काय म्हणतोय?

हीटपंप_भक्त

टाकीच काढून टाका. हीट पंप बसवा, सबसिडी मिळते.

वूस्टरचा_नवखा

घर घेतल्यावर खिशात जे उरलंय ते तेलासाठीच आहे. दोन-तीन वर्षांनी नक्की.

प्रीबाय_पीडित

'थांबा'वाल्यांना पाठिंबा, पण माझं कारण वेगळं आहे. मी एकदा थांबलो नाही.

जुलै २००८. कच्चं तेल १४७ ला पोचलेलं, टीव्हीवर जो तो दोनशे म्हणत होता. डीलरचं पत्र आलं: अख्ख्या हिवाळ्याचा भाव आज बांधून घ्या, ४.५९. सातशे गॅलनचे पैसे आगाऊ भरले. रात्री हिला म्हटलं, आता मार्चपर्यंत डोक्याला ताप नाही. डिसेंबरात बॅरल तीस-चाळीसच्या घरात! शेजारी अडीचच्या आसपास भरत होता आणि माझ्या दारात गाडी यायची ती ४.५९ च्या तेलाची. ड्रायव्हर बिचारा नजर चुकवायचा. डीलरला शिव्या घालून उपयोग नव्हता, त्यानेही माझ्या नावाचा माल जुलैच्या भावात बांधून ठेवला होता.

तेव्हापासून करार पुढे आला की एकच विचारतो: भाव पडला तर मला पडलेला मिळेल का? त्याला इथे 'कॅप' म्हणतात, वर मर्यादा आणि खाली मोकळं, त्यासाठी थोडे पैसे वेगळे घेतात. पण नवखे, तुमच्यासारखी भाव पडत असतानाची खरेदी असेल तर बांधून घेण्याच्या फंदात पडूच नका.

बर्नर_काका

मी टाकी भरा म्हणतोय, हिवाळा बांधा म्हणत नाही. दोन्हीची मिसळ करू नका.

रॉकेलवाली

मी उत्तर आयर्लंडमधून, काउंटी डाऊन. इथे बहुतेक घरं तेलावर, आणि ते तेल म्हणजे चक्क रॉकेल! पहिल्या वर्षी सासूबाई आल्या होत्या. गाडीवाल्याने नळी लावली, मागच्या अंगणात वास पसरला आणि त्या म्हणाल्या, "अगं, हा तर रेशनच्या रांगेचा वास." आमच्या डोंबिवलीला निळं रॉकेल मिळायचं, कार्डावर मोजून. इथे नऊशे लिटर दारात येतं.

इथे ५०० किंवा ९०० लिटर एकदम घेतलं तर लिटरचा भाव कमी, ३०० घेतलं तर जास्त. म्हणून 'थोडं थोडं घेत राहा' हा सल्ला आमच्याकडे अंगाशी येतो. तुमच्याकडेही लहान खेपेचा भाव वेगळा आहे का, ते आधी विचारा. आमच्या गल्लीत आम्ही सात घरं मिळून ऑर्डर देतो. भिशीसारखंच, फक्त नंबर लागत नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, भाव काहीही असो. सातही जणींच्या नवऱ्यांना भावाबद्दल मतं आहेत, ती आम्ही विचारत नाही.

लासलगावचा_पाहुणा

मी ओहायोत, आमच्याकडे गॅस आहे, टाकी फक्त फोटोत पाहिली. तरी बोलतो, कारण 'थांबू की नको' यात आमचं घर दोन पिढ्या गेलंय.

उन्हाळ कांदा एप्रिलपर्यंत निघतो, चाळीत भरतो, दिवाळीपर्यंत काढत राहायचा. भाव चढला तर अण्णा म्हणायचे अजून चढेल, पडला तर म्हणायचे परत येईल. दोन्ही वेळा ट्रॅक्टर घरीच. तिकडे चाळीत कांदा वजनाला घटतोय, खालून पाणी सोडतोय. एका वर्षी वास यायला लागल्यावर चाळ उपसली तेव्हा चांगला किती आणि उकिरड्यावर किती, ते मी इथे लिहीत नाही. पुढच्या वर्षी आईने नियम केला. चाळीचे तीन भाग. एक पोळ्याला जाणार, एक दसऱ्याला, एक अण्णांच्या मर्जीने. अण्णांची हौसही भागायची.

तुमचं तेल सडत नाही, पण टाकी रोज रिकामी होतेच. थांबण्याचं भाडं दोन्हीकडे आहे. आकडेमोडसाहेब, तुमच्या वहीत वायदा आहे, थांबायचं कधी थांबवायचं तो रकाना दिसला नाही. (हलके घ्या.)

आकडेमोड

रकाना आहे. पाववर तुकडा आला की भाव न बघता फोन करायचा. तो सांगायचा राहिला, एवढं कबूल.

अवांतर: एप्रिल २०२० मध्ये वायदा उणे ३७ वर गेला होता तेव्हा फुकट तेल का मिळालं नाही, असं मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. तो वायदा कच्च्या तेलाचा, ओक्लाहोमातल्या कुशिंगचा, आणि तिथे ठेवायलाच जागा नव्हती. तरी मी त्या मे महिन्यात १.५९ ला टाकी काठोकाठ भरली. सगळे घरात कोंडलेले, कोणाला तेल सुचत नव्हतं.

बर्नर_काका

म्हणजे साहेब मे महिन्यात पूर्ण टाकी भरतात. हेच मी म्हणतोय! आमच्या कोकणात याला आगोट म्हणतात. पाऊस दारात यायच्या आधी घर भरायचं.

आकडेमोड

मे महिन्यात भाव पडला होता म्हणून भरली, मे होता म्हणून नाही. २०२२ च्या मे महिन्यात आगोट केली असती तर पाचाच्या वर पडली असती.

वूस्टरचा_नवखा

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो.

पावती सापडली, बॉयलरच्या मागे खिळ्याला अडकवलेली. के फॅक्टर ५.४, म्हणजे घर तुमच्या हिशोबापेक्षा जास्त पितं. रॉकेलवाली ताईंनी सांगितलं म्हणून विचारलं, तर शंभरच्या खाली आणून देण्याचे वेगळे पैसे, शंभराला ३.४५, सव्वाशेपासून पुढे ३.३५. मग सव्वाशे घेतलं. काल गाडी आली. मी कौतुकाने तळघरात उभा राहून ऐकत होतो. तेल आत जाताना टाकी सारखी शिट्टी वाजवते, घाबरलो, ड्रायव्हर म्हणाला शिट्टी थांबली की समजायचं टाकी भरली. आमची शेवटपर्यंत वाजत होती, म्हणजे अजून जागा आहे.

आज सकाळी सवयीने फोन केला. ३.२९. साडेसात डॉलर गेले. बायको म्हणाली, न्यू जर्सीत एडिसनला दोन वडापाव झाले असते.

आकडेमोड

अभिनंदन. वायदा अजून सात सेंट खाली दिसतोय, पुढची खेप घ्यायची घाई करू नका.

बर्नर_काका

शुक्रवारी बर्फ आहे. टाकीच्या तोंडाशी एक काठी रोवून ठेवा.