मदत हवी आहे : कॅक्टीच्या लॉगमध्ये २०० दिसतंय, म्हणजे आत शिरलेत का?

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात आमचं छोटं ब्रॉडबँडचं काम आहे. स्विच आणि ओएलटीचे (ग्राहकांच्या फायबर लाइन जिथे एकत्र येतात ते यंत्र) ग्राफ बघायला डेबियन ११ वर कॅक्टी १.२.१६ चालवतो. आधीच्या मुलाने घरून ग्राफ दिसावेत म्हणून पोर्ट ८० बाहेर उघडं ठेवलं होतं, ते मला परवा कळलं. (शिव्या नंतर घाला.)

सीव्हीई-२०२२-४६१६९ (सुरक्षेतल्या त्रुटीचा नोंद क्रमांक) बद्दल वाचलं: १.२.२२ पर्यंतच्या कॅक्टीत लॉगिन न करताच कमांड चालवता येते, तीव्रता १० पैकी ९.८. लगेच अपाचेचा लॉग काढला. रिमोट एजंटच्या पीएचपी फाइलवर एकाच आयपीवरून शेकडो रिक्वेस्ट. होस्ट आयडी १, मग २, मग ३, जिना चढल्यासारखे. पोलर (उपकरणांकडून आकडे गोळा करणारा भाग) आयडीत अर्धविराम आणि पुढे डब्ल्यूगेट, म्हणजे बाहेरून फाइल उतरवायची कमांड. प्रत्येक ओळीला २००, म्हणजे सर्व्हरचं 'ठीक आहे'! पॅकेजच्या आवृत्तीला मात्र डेब११यू१ असं शेपूट आहे. आम्ही गेलो की वाचलो?

उत्तर : २०० ला घाबरू नका. कॅक्टी 'परवानगी नाही' हेही २०० देऊनच सांगतं. शेजारचा बाइट्सचा आकडा बघा. नकार असेल तर तो सगळीकडे सारखाच येतो.

रिमोट एजंटची फाइल फक्त ओळखीच्या पोलरला उत्तर देते, पण विचारणारा कोण हे रिक्वेस्टसोबत येणाऱ्या हेडरवरून ठरवत होती. एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये तुमच्याच सर्व्हरचा पत्ता घातला की घरचाच माणूस समजून दार उघडायची. पुढे कमांड चालायला पीएचपी स्क्रिप्टवाला डेटा सोर्स सापडावा लागतो, उदाहरणार्थ अपटाइमचा. म्हणून हल्लेखोर होस्ट आयडीचे आकडे चढवत बसले होते.

शेपटाचं म्हणाल तर डेबियनने डिसेंबर २०२२ मध्येच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत घातली, आकडा १.२.१६ च ठेवून. पण तुमच्याकडे ती बसली कधी? डीपीकेजीच्या (डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम) लॉगमधली तारीख आणि रिक्वेस्टची तारीख शेजारी ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता : ठेवली. रिक्वेस्ट ९ जानेवारीपासून, अपडेट १४ ला. बहुतेक ओळींचा आकडा एकच, पण १२ च्या पहाटे अकरा ओळी वेगळ्या. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या (वेब सर्व्हर ज्या नावाने चालतो तो युजर) क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, एक ओळ आहे, ती आमची नाही.

उत्तर : मग साफसफाईच्या नादी लागू नका दादा. नेटवर्कवरून काढा, डिस्कची प्रत ठेवा आणि नवीन मशीन उभारा. कॅक्टीच्या डेटाबेसात एसएनएमपीच्या कम्युनिटी (उपकरणांशी बोलायचे पासवर्डसारखे शब्द) होत्या, त्या सगळ्या स्विचवर आजच बदला. कुठे 'प्रायव्हेट' (सेटिंग बदलू देणारा, सर्वांना ठाऊक असलेला नेहमीचा शब्द) असेल तर आधी तिथे.

मूळ प्रश्नकर्ता : ओएलटीवर तेच आहे. निघालो.