मदत हवी आहे: तलावात मरळ परत आणायची आहे

खटाव तालुक्यातल्या आमच्या पाझर तलावात आता जाळं टाकलं की निव्वळ चिलापी. मरळ, शिंगी, वाम दिसतच नाहीत. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 साली आणलेली. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे हटता हटत नाही.

यंदा मे महिन्यात तलाव जवळपास आटेल. उरल्या डबक्यांतली चिलापी काढून पावसाळ्यात मरळीची बोटुकली (लहान पिल्लं) सोडायचा विचार आहे. पण मरळ शिकारी, आपल्याच लहान भावंडांना खाते म्हणे! मग किती आकाराची सोडावी? काठाला पाणवनस्पती आधी वाढवाव्यात का? आणि सातारा-सांगलीकडे खात्रीचं बीज कुठं मिळेल? परप्रांतातलं नको. मांगूर मासा मिसळलेलं तर अजिबातच नको. ज्यांनी हे केलंय त्यांनीच सांगा राव.