इंकस्केपमधून लेबल छापायला देताना सावली फाटते, बारकोड अडतो. उपाय सांगा

रावेरकर:
केळीच्या खोक्यावरचं लेबल इंकस्केप १.३ या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय. आकार २१० × १४८ मिमी, छपाई जळगावला ऑफसेटवर. अडचणी अशा: पानाच्या हिरव्या तुकड्यांमधून केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसतात. पीडीएफ काढली की नावामागची सावली फाटलेली दिसते. नावाला पिवळी कड दिली तर शिरोरेषेवर अक्षरागणिक उभी खूण उमटते. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) पीएनजी चित्रातला बारकोड स्कॅनर धरत नाही. सरळ ६०० डीपीआय करू का?

प्रीप्रेस_जळगाव:
भाऊ, डीपीआयला हात लावण्याआधी कारणं वेगळी करा.

सावलीचा ब्लर, म्हणजे धूसरपणा, हा फिल्टर आहे. पीडीएफमध्ये तो तसाच राहत नाही, त्याचे पिक्सेल होतात, आणि ते किती बारीक व्हायचे याचा आकडा ‘सेव्ह अ कॉपी’मध्ये पीडीएफ निवडल्यावर येणाऱ्या खिडकीत असतो. मुळात तो ९६ असतो, तो ३०० करा. ‘रॅस्टराइझ फिल्टर इफेक्ट्स’ची खूण काढू नका, नाहीतर ब्लरच गळतो. आणि ब्लर कधीही अक्षरांना किंवा अख्ख्या ग्रुपला देऊ नका. दिलात तर ग्रुपमधलं सगळं चित्र होऊन जातं. कंट्रोल-डीने नावाची प्रत करा, ती खाली पाठवा, ब्लर फक्त तिला द्या. वरची अक्षरं मग वेक्टरच राहतात, म्हणजे पिक्सेल न होता रेषांचे आकार म्हणूनच.

बारकोडचं गणित मांडूनच बघा. ईएएन-१३ या १३ आकडी बारकोडचा सर्वांत बारीक पट्टा मूळ मापात ०.३३ मिमी. ३०० डीपीआयला एक पिक्सेल ०.०८४७ मिमी, म्हणजे एका पट्ट्याला जवळपास ३.९ पिक्सेल. पूर्ण आकडा येत नाही, म्हणून कडेला करडा पिक्सेल येतो आणि पट्ट्यांची जाडी कमीजास्त होते. ६०० ला ७.८ येतात, दुखणं तेच. पहिला उपाय म्हणजे बारकोड पीडीएफमध्ये वेक्टर ठेवा, पीएनजी करूच नका. पीएनजीच हवी असेल तर बारकोड १०२.६ टक्के करा: बाजूच्या मोकळ्या जागेसकट ३७.२९ मिमीचा ३८.२७ होतो आणि प्रत्येक पट्टा नेमका ४ पिक्सेल. ८० ते २०० टक्के हे माप चालतं. डावी कडही पिक्सेलच्या सीमेवरच बसवा. फक्त बारकोड निवडून काढणार असाल तर पीएनजीच्या प्रगत पर्यायांत अँटीअलायस (कडा मऊ करणं) शून्य करा. दोन्ही बाजूंची पांढरी जागा सजावटीने भरू नका, स्कॅनरला ती लागते.

सातपुडा_वेक्टर:
पांढऱ्या रेघा म्हणजे चित्रातली चूक नाही. इंकस्केप कैरो नावाची चित्र रंगवणारी लायब्ररी वापरतो आणि प्रत्येक आकाराची कड स्वतंत्रपणे मऊ करतो. दोन तुकडे कडेला कड लावून असले की दोघांच्या अर्ध्या-अर्ध्या कडेतून मागचा पांढरा डोकावतो. पानाचा पूर्ण आकार गडद हिरव्यात सगळ्या तुकड्यांखाली घाला, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नसेल भागत तर पसंतींमध्ये ‘स्टेप्स’खाली आउटसेटचं (आकार बाहेर फुगवण्याचं) अंतर ०.४ पिक्सेल करा, म्हणजे साधारण ०.१ मिमी, आणि खालच्या तुकड्यांना एकदा आउटसेट द्या.

शिरोरेषेचं कारण आपल्या लिपीतच आहे. रोमन अक्षरं सुटी असतात, आपली शेजारच्या अक्षरावर चढतात, म्हणून प्रत्येकाची कड शेजारच्याच्या अंगात शिरते. आधी मूळ फाइलची प्रत ठेवा. मग शिफ्ट-कंट्रोल-सीने ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, ग्रुप सोडवा, ‘युनियन’ करून सगळी अक्षरं एकाच आकारात जोडा आणि शेवटी कड द्या. युनियनआधी एक-एक अक्षर नीट वाचा, नंतर मात्रा दुरुस्त करायला मजकूर उरत नाही.

रावेरकर:
याच चित्राचा १० × ४ फुटांचा फ्लेक्सही करायचाय. ३०० डीपीआयची पीएनजी काढू?

प्रीप्रेस_जळगाव:
नको. रुंदीच ३६,००० पिक्सेल होते आणि कैरोची एका बाजूची मर्यादा ३२,७६७ आहे. फ्लेक्स लांबून बघतात, ७२ पुरेसे: ८६४० × ३४५६. पण घडाचा फोटो तपासा. १२०० पिक्सेलचा फोटो २०० मिमीवर ताणला तर लेबलवरच तो १५२ डीपीआय उरतो, फ्लेक्सवर तर विचारूच नका. एक्स्पोर्ट करताना तपशील वाढत नाही, मोठा मूळ फोटो मागवा.

लेबलला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) म्हणून पान २१६ × १५४ करा.

सातपुडा_वेक्टर:
रंगाचंही बघा. १.३ मधून पीडीएफ आरजीबीच, म्हणजे पडद्याच्या रंगांतच निघते. प्रेसने ती तशीच छपाईच्या शाईंत बदलली तर काळा बारीक मजकूर चार शाईंचा होतो आणि रजिस्टर (शाईंची एकमेकांवरची जुळणी) जरा सरकला की अक्षराला रंगीत कड दिसते. स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेक्टर फाइल आयात करा, रंगांच्या यादीत प्रत्येक रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचा) करा, मजकूर आणि बारकोडचा काळा फक्त के १००, म्हणजे निव्वळ काळी शाई. आयातीत ब्लर टिकेलच असं नाही, म्हणून सावलीची ३०० डीपीआय पीएनजी वेगळी आणून खाली ठेवा. पानाचा चकचकीत हिरवा इथेच थोडा मंद दिसेल, तो आत्ताच शेतकरी गटाला दाखवून घ्या. पक्की पीडीएफ ८०० टक्के मोठी करून बघा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायची तर पीडीएफच डॉक्युमेंट म्हणून पाठवा.