कुत्रा आणि मांजर दोघांना रॉ फीडिंग (कच्चं मांस खायला देणं) चालू करायचंय, घरात मात्र महाभारत

गोट्याची_ताई (कोथरूड)

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. घरी गोट्या आहे, देशीच, 4 वर्षांचा, वजन 18 किलो, आणि चिंगी म्हणून मांजर, 7 महिन्यांची, पार्किंगमधून उचलून आणलेली. गोट्याला पावसाळा आला की खाज सुटते, पोटाखाली खाजवून खाजवून लाल होतं, इंजेक्शन दिलं की पंधरा दिवस बरं की परत तेच. म्हणून मैत्रिणीच्या ओळखीने एका होलिस्टिक कन्सल्टंटकडे गेले. त्या म्हणाल्या पाकिटातलं कोरडं खाणं आजच बंद करा, दोघांना कच्चं चिकन द्या, गोचिडांसाठी रोज 2 लसणाच्या पाकळ्या ठेचून, खाजेला खोबरेल तेलात कापूर घालून लावा, आणि पुढच्या लसी नकोत, त्याऐवजी गोळ्या देते. पॅकेजचे पैसे भरून झालेत, आता काय बोलणार.

अडचण अशी की आमच्या घरात अंडंही येत नाही. आईने एवढीच परवानगी दिलीय की चिकन आणलंच तर गॅलरीत वेगळ्या शेगडीवर उकडायचं आणि ते पाणी ताबडतोब मोरीत ओतायचं, वास नको. कच्चं ठेवायला वेगळा छोटा फ्रीज घ्यावा लागेल. आणि वहिनीला पाचवा महिना आहे. कोणी करतंय का हे? नक्की किती द्यायचं, कसं सुरू करायचं?

रॉकीचा_बाबा (नाशिक)

ताई, मी 6 वर्षं रॉ देतोय माझ्या लॅब्रॅडॉरला, रॉकीला, त्यामुळे विरोधक समजू नका, पण तुमच्या कन्सल्टंटने "कच्चं चिकन द्या" एवढंच सांगून सोडलं असेल तर ते रॉ फीडिंग नाहीच, ते फक्त चिकन आहे. साधारण हिशोब असा की मोठ्या कुत्र्याला रोज वजनाच्या 2 ते 3 टक्के, म्हणजे गोट्याला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, त्यातलं 80 टक्के मांस, 10 टक्के हाडं, 10 टक्के आतले अवयव आणि त्या अवयवांतली निम्मी कलेजी. कलेजी स्वस्त मिळते म्हणून मी सुरुवातीला भरमसाठ घातली, तर तीन दिवस रॉकी जिन्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हता, जिथे उभा तिथेच कार्यक्रम, आणि सोसायटीतल्या काकूंनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी सकाळी 7 ला चिकनवाल्याकडे जायचं, नंतर गर्दी होते आणि तो तुमच्यासाठी वेगळं काही काढून देत नाही. माना, पाय, पोटा-कलेजी वेगवेगळ्या पिशव्यांत मागायची, मटणवाल्याकडून वजडी आणि तिल्ली. घरी आलं की रोजच्या वाट्याचे डबे भरून फ्रीझरला. शी बघत राहायची, खडूसारखी पांढरी आणि कोरडी झाली की हाडं जास्त झाली समजायचं. आणि शिजवलेलं हाड कधीच नाही, ते चिरफाळतं आणि टोकदार होतं. कच्च्या हाडानेही दात तुटतो, घशात अडकतं, म्हणून खाताना मी समोर बसतोच.

पण गरोदर बाई घरात असती तर मी सुरू केलं नसतं, खरं सांगतो.

बांगडा_कढी (मालवण)

मी फक्त चिंगीबद्दल लिहिते कारण माझा हात पोळलाय. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे पिल्लू होतं, बोका, त्याला मी लाडाने फक्त बोनलेस चिकन देत होते, तेही ब्रेस्ट, कच्चं, बारीक कापून. बाकी काही तोंडच लावायचा नाही आणि मला वाटायचं वाघाची मावशी ना, मांसच तर खाणार. पाचव्या महिन्यात तो उडी मारायचा बंद झाला. खिडकीखाली उभा राहून वर बघायचा आणि परत बसायचा. मला वाटलं शहाणा झाला. मग एक दिवस नुसता खुर्चीवरून उतरला आणि मागचा पाय लटकायला लागला.

एक्स-रे बघितला तेव्हा मलाही कळलं, हाडं आणि भोवतालचं मांस जवळजवळ एकाच करड्या रंगाचं दिसत होतं, पांढरं असं काही नाहीच. डॉक्टर म्हणाले बोनलेस मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला स्वतःच्याच हाडांतून ते उपसत राहतं. दोन महिने पिंजऱ्यात ठेवला, पिल्लांचं तयार खाणं सुरू केलं, सुधारला. पण पाय थोडा वाकडाच राहिला, अजून उडी मारताना आधी अंदाज घेतो.

चिंगी 7 महिन्यांची म्हणजे अजून वाढतेय. तिच्यावर प्रयोग नको.

रात्रपाळीचा_व्हेट (ठाणे)

ओपीडी संपवून लिहितोय, शुद्धलेखन सोडा. आधी तातडीचं. लसूण आजच बंद करा. कांदा, लसूण, पात, कच्चं शिजवलेलं सगळंच, कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फोडतं, मांजरांना तर फारच कमी लागतो, आणि त्याने गोचीड जात नाही ते वेगळंच. कापूरही बंद. तो कातडीतून शरीरात जातो आणि त्याने झटके येऊ शकतात, आणि चिंगी गोट्याला चाटत असणार, बरोबर ना? खाजेसाठी स्क्रेपिंग, म्हणजे कातडी खरवडून तपासणी, झालीय का कधी? गोचीड, पिसवा, खरूज, बुरशी हे बघितल्याशिवाय खाणं बदलून काय हाती लागणार. आणि गोचिडाचं औषध आणाल तेव्हा पाकिटावर पर्मेथ्रिन असेल तर ते मांजराच्या आसपास नको, कुत्र्याला चालणारं ते मांजराला मारतं. लसीऐवजी गोळ्या, यावर मी शिव्या देईन म्हणून थांबतो, रेबीजची लस चुकवू नका बस.

आता "कुत्रा म्हणजे लांडगाच" हे रॉवाल्यांचं आवडतं वाक्य. 2013 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात, कुत्र्यात त्याहून कितीतरी जास्त. माणसाच्या दारात भाकरतुकडा खाऊनच ते कुत्रे झाले. त्यामुळे गोट्याने भात खाल्ला म्हणून बिघडत नाही. मांजराचं तसं नाही. तिला टॉरिन (मांसात असणारं एक अमिनो आम्ल) खाण्यातूनच लागतं, गाजरातून व्हिटॅमिन ए बनवता येत नाही. 1987 साली कॅलिफोर्नियात लक्षात आलं की मांजरांचं हृदय फुगून ती मरत होती त्यामागे टॉरिनची कमतरता होती, त्यानंतर कंपन्यांनी खाण्यात ते वाढवलं. आणि तुमच्या आई जे उकडलेलं पाणी मोरीत ओतायला सांगतायत ना, टॉरिनचा मोठा वाटा त्या पाण्यातच जातो.

कच्च्याबद्दल: फ्रीझरमध्ये काही परजीवी मरतात, साल्मोनेला मरत नाही, बर्ड फ्लूचा विषाणूही मरत नाही. 2024 च्या डिसेंबरात नागपूरला गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात 3 वाघ आणि 1 बिबट्या एच5एन1 ने, म्हणजे याच बर्ड फ्लूने, गेले, नंतर छिंदवाड्यात घरातल्या मांजरांमध्येही सापडला. तेव्हापासून मांजरांना कच्चं चिकन म्हटलं की मी सरळ नाही म्हणतो. आणि वहिनींसाठी, कच्च्या मांसातून चिंगीला टॉक्सोप्लाझ्मा (पोटातल्या बाळाला धोक्याचा परजीवी) झाला तर तो तिच्या शीतून बाहेर पडतो, पण ती शी संसर्ग पसरवण्याजोगी व्हायला निदान एक दिवस जातो. म्हणून वाळूचा ट्रे रोजच्या रोज साफ करा, आणि वहिनींनी नाही. मांजर कोणाला देऊन वगैरे टाकू नका, एवढ्यासाठी गरज नाही.

मेलबर्नकर

इकडे हे खूळ जुनं आहे, 1993 मध्ये इयान बिलिंगहर्स्ट नावाच्या इथल्याच व्हेटने कच्च्या हाडांवर पुस्तक काढलं आणि तिथून सगळीकडे पसरलं. दुकानात कांगारूचा खिमा कुत्र्यांसाठी तयार मिळतो. पण त्यातही गंमत आहे, पेट मीट म्हणून विकतात त्यात रंग टिकवायला सल्फाइट घातलेलं असतं कधीकधी, त्याने व्हिटॅमिन बी1 नष्ट होतं आणि मांजरं मान वाकडी करून पडतात. नैसर्गिक म्हणून विकलं जातं ते हे. बाकी व्हेटसाहेबांना +1.

गोट्याची_ताई

सगळ्यांचे आभार, रात्री वाचून झोपच उडाली. चिंगी गोट्याचं पोट चाटते, हो. सकाळी उठून आधी त्याला आंघोळ घातली आणि तेलाची बाटली कचऱ्यात. स्क्रेपिंग कधीच झालं नव्हतं, शनिवारची वेळ घेतलीय. चिंगी तिच्या पाकिटावरच राहील. गोट्याला मात्र शिजवून द्यावं असं ठरवतेय, ते चालेल का? आणि हाडं नाहीत तर कॅल्शियम कुठून?

रात्रपाळीचा_व्हेट

चालेल की. अंड्याची टरफलं धुऊन, भाजून, मिक्सरला पिठासारखी बारीक करा, 1 किलो बोनलेसला साधारण एक चमचा, 5-6 ग्रॅम. थोडी कलेजी, आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा शिजवून, काटे काढून. उकडल्याचं पाणी ओतून न देता भातात घाला. मीठ-कांदा नाही. तरी दोन-तीन महिन्यांनी कोणाला तरी पूर्ण हिशोब दाखवा, झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन ई घरच्या खाण्यात हमखास कमी पडतं. शनिवारच्या डॉक्टरांनाच विचारा.

गोट्याची_ताई

अंड्याची टरफलं!! घरात अंडं येत नाही हो आमच्या. आईला विचारलं तर पाच मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "टरफलात जीव नसतो, पण मिक्सर माझा नाही द्यायचा."

रॉकीचा_बाबा

कोपऱ्यावरच्या अंडाभुर्जीच्या गाडीवाल्याला सांगून ठेवा, पिशवीभर देतो फुकट. मी त्याच्याकडूनच आणतो. आणि खलबत्ता घ्या एक, तो गॅलरीतच ठेवायचा.