साखर चवीपुरती नसते

वर एकांनी लिहिलंय की जुलाबात मीठ-पाणी पुरे, साखर फक्त चवीला. नाही हो! साखरच तर मिठाला आत नेते. लहान आतड्याच्या अस्तरातलं एक प्रथिन साखरेतल्या ग्लुकोजचा एक रेणू आणि मिठातल्या सोडियमचे दोन आयन जोडीनेच ओढून घेतं, मागोमाग पाणी येतं. जुलाबात बाकीच्या वाटा बिघडल्या तरी ही बहुधा शाबूत राहते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून याच जोरावर कॉलऱ्यातून माणसं वाचवली.

गेल्या मे महिन्यात इंदुरात आमच्या आईचं पोट बिघडलं. ती हट्टाने मिठाचं ताकच मागत होती. मी लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे (चहाचे) चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ ढवळून वाटी-वाटीने पाजलं. संध्याकाळी लघवी झाली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. थोडीशीच, गडद पिवळी.

ती गडद का, तर मूत्रपिंडांनी हात आखडता घेतला होता. एरवी ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असतं आणि ९९ टक्क्यांहून जास्त परत रक्तात जातं. तुटवडा पडला की अल्डोस्टेरॉन हे मीठ राखणारं संप्रेरक वाढतं आणि मूत्रपिंडांबरोबर मोठ्या आतड्यालाही तोच हुकूम सुटतो: सोडियम सोडू नका.

उलट, जादा मीठ बाहेर टाकायला वेळ लागतो आणि तोवर ते अंगात पाणी धरून ठेवतं. रात्री इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत हादडून आलो की सकाळी माझी अंगठी बोटात रुतते, ती दुसऱ्या दिवशी सैल होते.